अमेरिकेत दोन वर्षांच्या कॉलेजात प्रवेश घेताना: नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी

महाराष्ट्रात ‘ज्युनिअर कॉलेज’ म्हटले की अकरावी-बारावी डोळ्यांसमोर येते. त्यामुळे अमेरिकेत नव्याने आलेल्या माणसाला शेजाऱ्याने ‘जवळच्या ज्युनिअर कॉलेजात चौकशी करा’ असे सांगितले, की तो गोंधळतो. आणि हीच गोष्ट घरी फोनवर सांगितली, की ‘तुझी बारावी तर झाली होती ना?’ हा प्रश्न ठरलेला असतो. अमेरिकेतील हे कॉलेज बारावीनंतरचे आहे. इलिनॉय राज्यातील जोलिएट या गावी १९०१ साली अवघ्या सहा विद्यार्थ्यांवर असे पहिले सरकारी कॉलेज सुरू झाले आणि ते आजही चालू आहे. विद्यापीठाच्या पहिल्या दोन वर्षांचे शिक्षण घराजवळ मिळावे, ही त्यामागची कल्पना होती. पुढे त्यात नोकरीला उपयोगी पडणारे अभ्यासक्रमही आले. आता यांना बहुतेक ठिकाणी कम्युनिटी कॉलेज म्हणतात, न्यू जर्सीत काउंटी (जिल्हा) कॉलेज हा शब्दही चालतो, आणि तेथे साधारण ६० सेमिस्टर क्रेडिट (क्रेडिट म्हणजे विषयाचा भार मोजण्याचे एकक) पूर्ण केले की असोसिएट ही दोन वर्षांची पदवी मिळते.

आपल्याकडे दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेण्याची वाट आहे आणि त्या वाटेने गेलेल्यांना कोणी कमी लेखत नाही. येथील ट्रान्सफर, म्हणजे अशा कॉलेजातून विद्यापीठात जाणे, साधारण तसाच आहे. फरक एवढाच की येथे चार वर्षांच्या पदवीच्या थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो आणि शेवटी जी पदवी हाती येते ती त्या विद्यापीठाचीच असते. तरीही आपल्या मंडळींत ‘मोठ्या युनिव्हर्सिटीत नंबर लागला नाही का?’ असे विचारले जाते, आणि त्या एका प्रश्नाच्या धास्तीने कितीतरी कुटुंबे दोन वर्षांच्या शिक्षणावर गरज नसताना हजारो डॉलर जास्त खर्च करतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मी स्वतः एच-४ व्हिसावर (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरील व्यक्तीच्या जोडीदाराचा आणि मुलांचा व्हिसा) असताना अशा कॉलेजात शिकले. त्या अनुभवातून पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत आणि त्या सर्वांमागे माझा एकच आग्रह आहे: आपल्याला शेवटी कोठे पोहोचायचे आहे ते आधी ठरवावे आणि तेथून मागे येत पहिला विषय निवडावा. सोयीच्या वेळेचे मिळतील ते विषय आधी घेऊन टाकणे आणि दिशेचा विचार नंतर करणे, या क्रमाने गेले की वेळ आणि पैसा दोन्ही वाया जातात.

पहिली पायरी: कोठे पोहोचायचे ते ठरवणे

ढोबळमानाने चार वाटा आहेत. पहिली वाट ट्रान्सफरची: दोन वर्षे येथे शिकून पुढची दोन वर्षे विद्यापीठात. दुसरी थेट नोकरीची: नर्सिंग, दातांची निगा राखणारी डेंटल हायजीनिस्ट, रेडिओलॉजी तंत्रज्ञ, पॅरालीगल (वकिलाचा मदतनीस), वाहनदुरुस्ती, वेल्डिंग असे अभ्यासक्रम. यांपैकी नर्सिंगविषयी विशेष सांगावेसे वाटते. दोन वर्षांची असोसिएट पदवी घेणारी आणि चार वर्षांची पदवी घेणारी परिचारिका नोंदणीसाठी एकच एनक्लेक्स-आरएन परीक्षा देतात. मात्र या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळण्यापूर्वी शरीररचना, शरीरक्रिया आणि सूक्ष्मजीवशास्त्र हे विषय आधी चांगल्या गुणांनी पूर्ण करावे लागतात आणि जागा थोड्या असतात, म्हणून ‘दोन वर्षे’ हा शब्द येथे अक्षरशः घेऊ नये. तीन किंवा त्याहून अधिक वर्षे धरून चालावे.

तिसरी वाट आपल्याकडच्या पदवीधर स्त्रियांसाठी फार उपयोगाची आहे, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. हाती बी.कॉम., बी.ए. किंवा बी.एस्सी. आहे, परंतु येथे एखाद्या परवान्यासाठी, पदव्युत्तर प्रवेशासाठी किंवा बालवाडी शिक्षिकेच्या कामासाठी चार-पाच विशिष्ट विषय कमी पडतात. अशा वेळी पुन्हा पदवी करण्याची मुळीच गरज नसते, तेवढेच विषय कम्युनिटी कॉलेजात घेता येतात. कॅलिफोर्नियात सीपीए (परवानाधारक लेखापाल) होऊ इच्छिणाऱ्या अनेक जणी अकाउंटिंगचे उरलेले क्रेडिट असेच संध्याकाळच्या वर्गांतून पूर्ण करतात.

चौथी वाट हायस्कूलमधील मुलांची. शाळेत असतानाच कॉलेजचे विषय घेण्याची सोय बहुतेक राज्यांत आहे. वॉशिंग्टन राज्यात ‘रनिंग स्टार्ट’ योजनेखाली अकरावी-बारावीच्या मुलांना शिक्षणशुल्क द्यावे लागत नाही, फक्त पुस्तके आणि किरकोळ शुल्क भरावे लागते. म्हणूनच सिअ‍ॅटलच्या पूर्वेकडील उपनगरांतील कितीतरी भारतीय मुले बेलव्ह्यू कॉलेजात दिसतात. मात्र पालकांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. या विषयांचे गुण मुलाच्या कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर (गुणांच्या अधिकृत नोंदपत्रावर) कायमचे राहतात आणि पुढे प्रत्येक विद्यापीठाला कळवावे लागतात, म्हणून केवळ हौसेखातर तीन-तीन विषय घ्यायला लावू नयेत. शिवाय मूल सोळा वर्षांचे असले तरी कॉलेजातील नोंदींवर कायद्याने हक्क त्याचाच असतो. आईवडिलांनी फोन करून गुण विचारले, तर कार्यालय नम्रपणे नकार देईल, आणि त्यात अपमान वाटून घेण्याचे कारण नाही.

दुसरी पायरी: आपला व्हिसा काय परवानगी देतो ते पाहणे

एच-४ वर असलेल्या जोडीदाराला आणि मुलांना पूर्णवेळ किंवा अर्धवेळ, जसे हवे तसे शिकता येते. त्यासाठी वेगळा व्हिसा किंवा आय-२० (कॉलेज परदेशी विद्यार्थ्याला देते ते प्रवेशाचे पत्र) लागत नाही. हे वाक्य मी मुद्दाम ठामपणे लिहिते आहे, कारण ‘शिकायचे असेल तर एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावाच लागतो’ हा समज इतका पसरलेला आहे की अनेक जणी त्यापायी दोन-तीन वर्षे घरी बसून काढतात. शिकण्याची परवानगी आणि काम करण्याची परवानगी या मात्र दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पगारी इंटर्नशिप किंवा नोकरी करायची, तर कामाचे परवानापत्र लागते, आणि ते २०१५ पासून काही ठरावीक एच-४ जोडीदारांनाच, प्रामुख्याने ज्यांच्या पतीचा किंवा पत्नीचा ग्रीनकार्डासाठीचा आय-१४० अर्ज मंजूर झाला आहे अशांना, मिळते. अभ्यासक्रमात पगारी प्रशिक्षण सक्तीचे आहे का, हे म्हणून आधीच विचारावे.

एच-४ वरील मुलाला एकवीस वर्षे पूर्ण झाली की त्याचा हा दर्जा संपतो. साधारणपणे अठराव्या वर्षी कॉलेज सुरू झाले तर ट्रान्सफरच्या सुमारासच ही वेळ येते, त्यामुळे एफ-१ दर्जासाठीचा अर्ज केव्हा करायचा आणि त्यानंतर राज्याच्या रहिवाशाचा स्वस्त दर टिकतो का, या दोन्ही गोष्टी इमिग्रेशन वकिलाला आणि विद्यापीठाला वर्षभर आधी विचारून ठेवाव्यात.

एफ-२ वरील, म्हणजे एफ-१ विद्यार्थ्याच्या, जोडीदाराला २०१५ पासून अर्धवेळ शिकता येते, पूर्णवेळ नाही. पर्यटक व्हिसावर आलेल्या व्यक्तीला पदवीच्या अभ्यासक्रमात नाव घालता येत नाही. ग्रीनकार्डधारक आणि नागरिक यांना कसलेच बंधन नाही.

तिसरी पायरी: रहिवासाचा पुरावा

फी किती पडणार हे विषयापेक्षा पत्त्यावर अधिक ठरते. कॅलिफोर्नियात राज्याच्या रहिवाशाला एका युनिटला (तेथे क्रेडिटला युनिट म्हणतात) ४६ डॉलर पडतात, म्हणजे तीन युनिटांच्या एका विषयाला १३८ डॉलर आणि ६० युनिटांना २,७६० डॉलर; रहिवासी नसलेल्याला मात्र याच एका युनिटला काही शे डॉलर मोजावे लागतात. टेक्साससारख्या राज्यांत कॉलेजच्या जिल्ह्यातले, जिल्ह्याबाहेरचे आणि राज्याबाहेरचे असे तीन दर असतात. न्यू जर्सीत काउंटीप्रमाणे दर बदलतो. आपल्या काउंटीत एखादा अभ्यासक्रमच नसेल, तर शेजारच्या काउंटीत तो घेऊन फरकाची रक्कम आपल्या काउंटीकडून भरून घेण्याची सोय आहे, तिला चार्जबॅक म्हणतात. न्यूयॉर्क राज्यात काउंटीचे रहिवास प्रमाणपत्र वेळेत दिले नाही, तर शिक्षणशुल्क दुप्पट होते.

राज्याचा रहिवासी ठरण्यासाठी अनेक राज्ये एक वर्षाचे सलग वास्तव्य मागतात. कॅलिफोर्नियात ही अट सत्र सुरू होण्यापूर्वी एक वर्ष आणि एक दिवस अशी मोजली जाते. एच-४ वरील व्यक्तीला अनेक राज्यांत रहिवासी म्हणून धरले जाते, एफ-१ वरील व्यक्तीला सहसा नाही.

येथे माझी स्वतःची चूक सांगते. पहिल्या कॉलेजच्या खिडकीवर मी पासपोर्ट, व्हिसा, लग्नाचा दाखला अशी जाडजूड फाइल घेऊन उभी होते, आणि समोरच्या बाईंनी फक्त एकच कागद मागितला: तुमच्या नावाचा, या पत्त्यावरचा, एक वर्षापूर्वीचा कोणताही कागद. घराचा करार नवऱ्याच्या नावावर, विजेचे बिल त्याच्या नावावर, बँकेचे खाते त्याच्या नावावर. मी त्या घरात चौदा महिने राहत होते आणि कागदोपत्री तेथे नव्हतेच. पहिल्या सत्राला मला जास्त दराने फी भरावी लागली. म्हणून या देशात उतरल्या महिन्यातच घरभाड्याच्या करारात आपले नाव घालून घ्यावे, बँकेचे खाते संयुक्त करावे, विजेचे किंवा इंटरनेटचे एक बिल आपल्या नावावर घ्यावे आणि शक्य तितक्या लवकर राज्याचे ओळखपत्र किंवा वाहन परवाना काढावा. कॉलेजचा विचार अजून मनात नसला तरी हे करावे.

चौथी पायरी: मान्यता आणि क्रेडिटची खरी किंमत

जाहिरातीत चकचकीत दिसणाऱ्या काही खासगी संस्थांचे क्रेडिट विद्यापीठे स्वीकारत नाहीत. कॉलेजला मान्यताप्राप्त अधिस्वीकृती संस्थेची मान्यता आहे का, हे अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर पाहता येते. सरकारी कम्युनिटी कॉलेजांबाबत सहसा अडचण येत नाही. खासगी संस्थेत मात्र पैसे भरण्यापूर्वी, ज्या विद्यापीठात पुढे जायचे आहे त्या विद्यापीठालाच ‘तुम्ही यांचे क्रेडिट घेता का’ असे लेखी विचारावे.

यापुढचा मुद्दा अधिक नाजूक आहे आणि त्यातच बहुतेक जण फसतात. क्रेडिट ‘स्वीकारले जाणे’ आणि ते आपल्या मुख्य विषयासाठी ‘मोजले जाणे’ यांत फार फरक आहे. मी संख्याशास्त्राचा एक विषय घेतला होता. सल्लागारांनी तो चालेल असे तोंडी सांगितले होते. विद्यापीठाने तो घेतलाही, परंतु केवळ ऐच्छिक विषय म्हणून, कारण माझ्या विभागाला कॅल्क्युलसवर आधारलेले संख्याशास्त्र हवे होते. चार महिन्यांचा अभ्यास ट्रान्सक्रिप्टवर नोंदला गेला आणि पदवीच्या वाटेवर मी एक पाऊलही पुढे सरकले नव्हते. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते की ‘हा विषय ट्रान्सफर होतो का?’ असे विचारू नका, ‘हा विषय अमुक विद्यापीठाच्या अमुक पदवीत कोणत्या विषयाच्या जागी मोजला जातो?’ असे विचारा, आणि उत्तर ईमेलवर घ्या.

सुदैवाने याची उत्तरे बऱ्याच राज्यांत लिहून ठेवलेली आहेत. कॅलिफोर्नियात ‘असिस्ट’ नावाच्या संकेतस्थळावर आपले कॉलेज, पुढचे विद्यापीठ आणि मुख्य विषय निवडला की कोणत्या विषयाला कोणता विषय समतुल्य आहे, याचा तक्ता समोर येतो. न्यू जर्सीत राज्यव्यापी ट्रान्सफर करार आहे. तेथील काउंटी कॉलेजची एए किंवा एएस ही असोसिएट पदवी पूर्ण करणाऱ्याला राज्यातील सरकारी विद्यापीठांत प्रवेश मिळाला, तर ती दोन वर्षे धरली जातात. उत्तर व्हर्जिनियातील कम्युनिटी कॉलेज आणि जॉर्ज मेसन विद्यापीठ यांचा ‘अ‍ॅडव्हान्स’ नावाचा संयुक्त कार्यक्रम आहे. मात्र एएएस ही पदवी प्रामुख्याने नोकरीसाठी आखलेली असते आणि तिचे सगळे क्रेडिट पुढे जातीलच असे नाही. नावात एकच अक्षर जास्त आहे, त्यामुळे अर्ज भरताना नीट पाहावे.

क्वार्टर (वर्षात तीन-चार लहान सत्रे) आणि सेमिस्टर (वर्षात दोन मोठी सत्रे) यांचे गणितही येथेच करून ठेवावे. एक सेमिस्टर क्रेडिट म्हणजे दीड क्वार्टर क्रेडिट. म्हणजे ६० सेमिस्टर क्रेडिट हे ९० क्वार्टर क्रेडिटांबरोबर होतात, आणि क्वार्टर पद्धतीच्या कॉलेजातला चार क्रेडिटांचा विषय सेमिस्टर पद्धतीच्या विद्यापीठात जेमतेम २.६७ भरतो. तीन क्रेडिट हवे असतील, तर हा अपुरा ठरू शकतो.

पाचवी पायरी: अर्ज, जुनी कागदपत्रे आणि पहिली भेट

अर्ज करणे या साऱ्यात सर्वांत सोपे आहे. बहुतेक कम्युनिटी कॉलेजे मुक्त प्रवेशाची आहेत. गुणवत्ता यादी नाही, सॅट परीक्षा सहसा लागत नाही, अर्ज ऑनलाइन भरला की थोड्याच दिवसांत विद्यार्थी क्रमांक येतो. त्यानंतर इंग्रजी आणि गणित यांची पातळी ठरवली जाते, कोठे चाचणीने, कोठे शाळेतील गुणांवरून. चाचणी असेल तर ती सहज म्हणून देऊ नये. गणितात खालची पातळी लागली, तर कॅल्क्युलसपर्यंत पोहोचण्यात एखादे वर्ष जाऊ शकते. एक संध्याकाळ बीजगणित आणि त्रिकोणमिती चाळून गेल्यास हे टळते.

भारतातील पदवी किंवा काही वर्षांचे शिक्षण असेल, तर त्याचे मूल्यांकन करून घ्यावे. कॉलेज ज्यांची नावे देते, त्यांतलीच मूल्यांकन संस्था निवडावी आणि विषयवार अहवाल मागावा, नुसती समतुल्यता नव्हे. यासाठी विद्यापीठाच्या शिक्क्याच्या बंद पाकिटातील गुणपत्रिका लागतात. त्या मुंबई, पुणे किंवा नागपूरहून मागवणे, निघण्यापूर्वी हाताने आणण्यापेक्षा कितीतरी कटकटीचे आहे, म्हणून दोन-तीन बंद पाकिटे सामानात असू द्यावीत. शक्य असेल तर अभ्यासक्रमाची पुस्तिकाही आणावी.

काउन्सेलरची (कॉलेजच्या सल्लागाराची) भेट पहिल्या सत्रातच घ्यावी. याचे कारण ट्रान्सफरच्या वेळापत्रकात आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहा शाखा प्रवेशाची लेखी हमी देतात, परंतु ती एकाच शाखेसाठी मागता येते आणि तिचा अर्ज आदल्या वर्षाच्या सप्टेंबरमध्ये भरावा लागतो. म्हणजे दोन वर्षांत पुढे जायचे असेल, तर दुसऱ्या वर्षाचे वर्ग नुकतेच सुरू होत असताना अर्ज द्यायचा असतो आणि हाती गुण असतात ते फक्त पहिल्या वर्षाचे. पहिल्या वर्षी रुळायचे आणि दुसऱ्या वर्षी मन लावायचे, हा आपल्याकडचा हिशेब येथे अंगाशी येतो.

सहावी पायरी: नोंदणी आणि पहिले तीन आठवडे

विषय भरलेला दिसला तरी वेटलिस्टवर नाव घालावे आणि पहिल्या तासाला हजर राहावे; पहिल्या आठवड्यात बरीच मुले विषय सोडतात. एका क्रेडिटमागे आठवड्याला वर्गाचा एक तास आणि घरी सुमारे दोन तास अभ्यास, असा हिशेब धरावा. घर आणि लहान मूल सांभाळून शिकणाऱ्या व्यक्तीने पहिल्या सत्रात एक किंवा फार तर दोन विषय घ्यावेत, असे माझे मत आहे. जमत नसेल तर फी परत मिळण्याची आणि नोंद न राहता विषय सोडण्याची तारीख आधीच दिनदर्शिकेत लिहून ठेवावी. त्यानंतर सोडल्यास ट्रान्सक्रिप्टवर ‘डब्ल्यू’ येतो. एखादा ‘डब्ल्यू’ नापास होण्यापेक्षा बरा.

फीसाठी मदतीचा विषय थोडक्यात. नागरिक आणि ग्रीनकार्डधारक यांनी फाफ्सा हा सरकारी मदतीचा अर्ज भरावाच. पेल या सरकारी अनुदानाची कमाल रक्कम २०२५-२६ साठी ७,३९५ डॉलर आहे आणि ती परत करावी लागत नाही. पालक एच-१बी वर असले, तरी अमेरिकेत जन्मलेल्या मुलाला हा अर्ज भरता येतो, हे अनेक घरांत माहीतच नसते. एच-४ आणि एफ-१ वरील विद्यार्थ्यांना संघराज्य सरकारची मदत मिळत नाही, परंतु कॉलेजच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्यांना ही अट नेहमीच नसते, म्हणून त्यांची यादी मागून घ्यावी.

थेट महाराष्ट्रातून एफ-१ वर येणाऱ्यांसाठी

बारावीनंतर थेट कम्युनिटी कॉलेजात येण्याची वाट आहे, परंतु ती स्वस्त आहे असे समजून येऊ नये. परदेशी विद्यार्थ्याला राज्याबाहेरचा दर पडतो, बहुतेक कॉलेजांना वसतिगृह नसते, आणि उपनगरात बस नसेल तर मोटार लागते. तरीही विद्यापीठाच्या पहिल्या दोन वर्षांच्या तुलनेत खर्च सहसा कमी येतो. कॉलेज परदेशी विद्यार्थी घेण्यास प्रमाणित असले पाहिजे; त्याने आय-२० दिल्यावर ३५० डॉलर सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदणी) शुल्क भरून मुलाखतीची वेळ घ्यायची असते. वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत ‘दोन वर्षांचे कॉलेजच का?’ हा प्रश्न येऊ शकतो. पाठ केलेले उत्तर देण्यापेक्षा कोणत्या विद्यापीठात, कोणत्या करारानुसार, कोणत्या पदवीसाठी पुढे जायचे आहे हे स्वतःच्या शब्दांत सांगता आले पाहिजे. चौथी पायरी नीट केलेल्याला ते सांगता येते.

येथे आल्यावर दर सत्राला किमान १२ क्रेडिट घ्यावे लागतात आणि त्यांत केवळ एक ऑनलाइन विषय, तोही तीन क्रेडिटांपर्यंत, धरला जातो. सत्र चालू असताना कॉलेजच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते; बाहेर, परवानगीशिवाय, अजिबात नाही. असोसिएट पदवीनंतर १२ महिन्यांचा ओपीटी (शिकलेल्या विषयात काम करण्याची तात्पुरती परवानगी) मिळू शकतो आणि पुढे बॅचलर पदवीनंतर तो पुन्हा नव्याने मिळतो, मात्र स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) विषयांची वाढीव मुदत असोसिएट पदवीला लागू नाही.

प्रत्येक विषयाच्या पहिल्या तासाला जे अभ्यासक्रमपत्रक मिळते, त्याची प्रत त्याच दिवशी संगणकावर जपून ठेवावी. तीन-चार वर्षांनी एखाद्या विद्यापीठाने किंवा परवाना मंडळाने ‘या विषयात नेमके काय शिकवले?’ असे विचारले, की तेवढा एकच कागद कामी येतो, आणि तोवर शिकवणारे प्राध्यापक बहुधा दुसरीकडे गेलेले असतात.